बोटाला काडीचा आधार

बोट दुखावलं की आजूबाजूच्या माणसांकडून दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: ‘हलवून बघ. हलतंय ना? मग मोडलेलं नाही.’ दुसरा: ‘इकडे आण, ओढून देतो. कट् वाजलं की बसेल.’ मैदानावर तर हे जास्तच चालतं. टेनिस बॉलच्या स्पर्धेत कॅच घेताना चेंडू बोटाच्या टोकावर बसतो, कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या कपड्यात पकड करणाऱ्याचं बोट अडकून पिळवटतं, आणि कुणीतरी जुना खेळाडू ते खेचायला पुढे सरसावतो. यातला पहिला सल्ला चुकीचा आहे आणि दुसरा धोक्याचा.

बोटात हाडं असतात, सांधे असतात, पण बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतात. ते कोपराखालच्या हातात आणि तळव्यात असतात, आणि चिवट कंडरांच्या मदतीने तिथून बोट ओढतात. म्हणून हाडाला बारीक तडा गेला तरी कंडरा शाबूत असेल तर बोट खुशाल वाकतं. २०१९ च्या विश्वचषकात ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध शिखर धवनच्या डाव्या अंगठ्यावर चेंडू बसला. त्यानंतरही तो खेळत राहिला, ११७ धावा केल्या. तपासणीत अंगठ्याचं हाड मोडल्याचं दिसलं आणि त्याची स्पर्धा तिथेच संपली. मोडलेल्या अंगठ्याने बॅट धरता येते, तर मोडलेलं बोट घरी ‘हलवून दाखवता’ येणं यात काहीच विशेष नाही. उलटही होतं. नुसत्या मुक्या माराने बोट इतकं सुजतं की ते हलतच नाही, आणि हाड मात्र धड असतं. बाहेरून बघून हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी एक्स-रे लागतो.

पण एक्स-रे लगेच मिळतोच असं नाही. रात्र असते, रविवार असतो, गावापासून तालुक्याचं रुग्णालय लांब असतं. त्या मधल्या वेळेसाठी घरगुती स्प्लिंट. दुखरं बोट हलू न देणं, वेदना आटोक्यात ठेवणं आणि हाड मोडलेलंच असेल तर ते जागेवरून आणखी सरकू न देणं, एवढंच त्याचं काम. तो उपचार नाही. मात्र नीट बांधलेला स्प्लिंट पुढच्या उपचाराला मोठी मदत करतो, आणि वाईट बांधलेला स्प्लिंट न बांधण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. म्हणून तो सावकाश, समजून बांधावा.

बांधायच्या आधी एक काम तातडीने करायचं. अंगठी, वेढणी, बोटातलं जे काही असेल ते काढा. दुखत नसलेल्या शेजारच्या बोटातलंही काढा, कारण सूज पसरते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत अंगठी सहज निघते, तासाभराने ती रुतलेली असते आणि तिच्या पुढचा भाग निळसर होऊ लागतो. निघत नसेल तर हात डोक्याच्या वर पाच मिनिटं धरा, थंड पाण्यात बुडवा, मग साबण किंवा खोबरेल तेल लावून गोल फिरवत हळूहळू सरकवा. ओढाओढ नको. तरीही नाही निघाली तर रुग्णालयात किंवा सोनाराकडे कापून घ्या. साखरपुड्याची अंगठी कशी कापायची म्हणून रात्रभर थांबणारे लोक असतात. सोनं पुन्हा घडवता येतं, बोट येत नाही.

मग बोटाकडे उजेडात नीट बघा, दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी ताडून बघा. काही गोष्टी दिसल्या तर घरी कारागिरी करत बसू नये, आहे त्या स्थितीत आधार देऊन थेट रुग्णालय गाठावं. बोट वाकडं झालंय, सांध्यापाशी पायरीसारखा उंचवटा आलाय, जखमेतून हाड दिसतंय किंवा मोडल्याची शंका असलेल्या जागीच कातडी फाटली आहे, टोक पांढरं किंवा निळं पडलंय, बोट बधिर आहे, ही ती लक्षणं. जखम मारामारीत कुणाच्या दातावर आपटून झाली असेल तर ती कितीही लहान दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण तोंडातले जंतू सांध्यात शिरले तर सांधा खराब होतो. आणखी एक खूण फार कमी लोकांना माहीत असते. जमेल तेवढी हलकेच अर्धी मूठ वळा. निरोगी हाताची चारही बोटं वळताना अंगठ्याच्या मुळाकडे झुकतात. दुखावलेलं बोट शेजारच्या बोटावर चढत असेल किंवा त्याचं नख वेगळ्याच दिशेला बघत असेल, तर आतलं हाड मोडून पिळलं गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. सरळ ठेवल्यावर असं बोट अगदी ठीक दिसतं, म्हणून ते हुकतं, आणि तसंच जुळलं तर पुढे मूठ कधीच नीट मिटत नाही.

वाकडं झालेलं बोट ओढून सरळ करू नका, कुणाला करू देऊ नका. सांधा निखळला आहे की हाड मोडलं आहे हे कळल्याशिवाय ओढलं तर हाडाची टोकं आणखी सरकतात, आणि बोटाच्या दोन्ही कडांनी जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसांना इजा होऊ शकते.

यांपैकी काही नसेल तर बर्फ. बर्फाचे खडे किंवा फ्रीजरमधलं मटारचं पाकीट पातळ कापडात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटं लावा. बर्फ थेट कातडीवर नको. हात उशीवर, छातीपेक्षा उंच. त्या वेळात स्प्लिंटची तयारी करता येते.

सर्वात सोयीचं साधन म्हणजे आइस्क्रीमची चपटी लाकडी काडी. साधारण ११ सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद, टोकं गोल. बोटासाठीच केल्यासारखी. ती नसेल तर जुन्या टूथब्रशचा सपाट दांडा, प्लास्टिकच्या चमच्याचा दांडा, बांबूची गुळगुळीत कामटी, यांतलं काहीही चालतं. मला स्वतःला मात्र जाड पुठ्ठा या सगळ्यांपेक्षा बरा वाटतो, आणि प्रत्येक मराठी घरात तो लग्नपत्रिकेच्या रूपाने पडलेला असतो. पत्रिकेची बोटापेक्षा थोडी लांब पट्टी कापा, दोन-तीन थर एकावर एक ठेवा आणि लांबीच्या दिशेने दोन्ही कडा उचलून पन्हळ करा. बोट त्या पन्हळीत बसतं. काडी बोटाला फक्त खालून आधार देते, पन्हळ दोन्ही बाजूंनीही धरते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरणार असाल तर त्यातल्या नळ्या बोटाच्या लांबीला समांतर येतील असा कापा, आडवा कापला तर तो मधेच दुमडतो.

माप दुखऱ्या बोटावर घेऊ नका. दुसऱ्या हाताचं तेच बोट पुढे करा आणि त्यावर लांबी ठरवा, पन्हळीचा आकारही त्यावरच द्या. नियम असा, की दुखरी जागा जिथे आहे तिच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर व्हायला हवेत. मधल्या पेरापाशी दुखत असेल तर स्प्लिंट बोटाच्या टोकापासून मुळापर्यंत पुरतो. बोटाच्या मुळाशीच दुखत असेल तर तो तळव्याच्या मध्यापर्यंत यायला हवा. काडी लांब होत असेल तर कात्रीने एकदम कापू नका, ती उभी चिरफाळते. कटरने दोन्ही बाजूंनी आडवी रेघ ओढा, तिथे मोडा, आणि तुटलेली कड सँडपेपरवर किंवा फरशीवर घासून गोल करा. एवढी काळजी का, तर सुजलेल्या कातडीला बारीकसा कंगोराही रात्रभरात जखम करतो.

आता मऊ अस्तर. काडीच्या ज्या बाजूवर बोट टेकणार, तिथे कापसाचा पातळ सारखा थर द्या आणि त्यावरून गॉजची किंवा जुन्या धुतलेल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा. कापूस उघडा ठेवला तर तो घामाने ओला होऊन गोळा होतो. अस्तर टोकाच्या पुढे थोडं आणि दोन्ही कडांवरून खाली यायला हवं. कातडीवर खरचटलेलं असेल तर ते आधी स्वच्छ पाण्याने धुवून, टिपून, त्यावर कोरडा गॉज ठेवा. हळद किंवा कुठलीही पूड भरू नका, डॉक्टरांना पुढे ती जखम साफ करावी लागते.

स्प्लिंट तळव्याच्या बाजूने लावा. बोट सरळ, किंवा सरळ होताना दुखत असेल तर किंचित वाकलेलं. जबरदस्तीने सपाट करायचं नाही. त्या स्थितीत जी पोकळी राहते ती कापसाने भरायची. बांधायला मेडिकलच्या दुकानात मिळणारा पेपर टेप उत्तम, तो नसेल तर सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी. दोन किंवा तीन ठिकाणी बांधा: एक बोटाच्या मुळाजवळ, एक मधल्या पेरावर, आणि लागलंच तर एक नखाच्या मागे. नेमकी दुखरी जागा आणि सुजलेला सांधा यांवर टेप येऊ द्यायचा नाही. नख आणि बोटाचं टोक उघडं राहिलंच पाहिजे. टेप ताणून गुंडाळू नका. तो नुसता ठेवायचा आणि टोकं एकावर एक दाबायची. रबरबँड, दोरा, केसांचं इलॅस्टिक, सेलोटेप आणि वायरमनची काळी टेप यांपैकी काहीही वापरू नका. बोट सुजत जातं आणि या वस्तू मात्र सैल होत नाहीत.

घट्ट बांधलं म्हणजे चांगलं बांधलं, ही समजूत मुळातून काढून टाकायला हवी. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाच्या उपचारांचा स्वतंत्र अध्याय आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबू आधारासाठी वापरायला त्यात सांगितलं आहे. मला त्यातला मोलाचा भाग वाटतो तो बंधनाचा. सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, आवळलं तर कातडीला सूज येते, ठणका लागतो, ती पिकते, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. बंधन ऋतूप्रमाणे सोडून पुन्हा बांधायलाही सांगितलं आहे, थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीनच दिवसांनी. इतक्या जुन्या काळी जे कळलं होतं ते आज गावोगावी विसरलं जातं. कामट्या आवळून बांधायच्या, वर लेप, आणि आठवडाभर सोडायचं नाही, या प्रकारात रक्तपुरवठा तुटून बोटं आणि कधी पूर्ण हात गमावावा लागल्याची उदाहरणं अस्थिरोग विभागांना नवी नाहीत. आंबेहळदीचा लेप न फुटलेल्या कातडीवरच्या मुक्या माराला लोक लावतात, लावू देत. मात्र मोडीची शंका असताना तो लावून वर बांधून टाकलं, तर आत काय चाललंय तेच दिसत नाही. आणि मालीश तर अजिबात नको.

म्हणून बांधून झाल्यावर तपासणी. उघड्या ठेवलेल्या टोकाचं नख दाबा, ते पांढरं होईल. सोडा. साधारण दोन सेकंदांत ते पुन्हा गुलाबी व्हायला हवं. दुसऱ्या हाताच्या नखाशी ताडून बघा. नेलपॉलिश असेल तर आधीच पुसून टाका. सणासमारंभाची मेंदी नखांवर असेल तर नखाऐवजी बोटाच्या टोकाचं मांस दाबून बघा. पंधरा मिनिटांनी एकदा, तासाने एकदा, झोपताना एकदा आणि उठल्याबरोबर, एवढ्या वेळा तरी बघाच. मुंग्या येत असतील, टोक गार पडलं असेल, ठणका कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर टेप लगेच कापा आणि सैल बांधा. सैल करूनही फरक पडला नाही तर रात्र असली तरी निघा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दुखण्यावर विसंबू नये. बोटाची जाणीव आधीच कमी झालेली असू शकते, त्यांनी डोळ्यांनी बघायचं.

मार हलका असेल, बोट सरळ आहे, पिळलेलं नाही, फक्त आखडल्यासारखं दुखतंय, तर काडीचीही गरज नसते. शेजारचं बोट हाच स्प्लिंट. दोन्ही बोटांच्या मधे गॉजची घडी ठेवा, नाही तर घामाने तिथली कातडी कुजल्यासारखी होते, आणि मधल्या सांध्याच्या वर एक व खाली एक अशा दोन पट्ट्यांनी बोटं जोडा. सांध्यावर पट्टी नको, त्याला वाकू द्यायचं. करंगळी अनामिकेला, तर्जनी मधल्या बोटाला. अंगठ्याला मात्र हा उपायही नाही आणि काडीही पुरत नाही. त्याला ज्या स्थितीत कमी दुखतं तिथे ठेवून क्रेप बँडेज तळव्याभोवती हलकं गुंडाळा, ओढणीची झोळी करून हात गळ्यात घ्या आणि डॉक्टर गाठा.

दोन दुखापतींविषयी थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण त्या फारशा दुखत नाहीत आणि त्यामुळेच बिघडतात. चेंडू बोटाच्या टोकावर आदळला की नखामागचा शेवटचा सांधा सरळ ठेवणारी कंडरा तुटते. कधी गादीखाली चादर खोचतानाही हे होतं. बोटाचं टोक खाली लोंबतं. दुसऱ्या हाताने उचललं तर सरळ होतं, सोडलं की पुन्हा पडतं. विकेटकीपरच्या हातावर अशी जुनी वाकडी बोटं पुष्कळ दिसतात. याचा उपचार बहुतेक वेळा स्प्लिंटच असतो, पण शिस्तीचा. फक्त शेवटचा सांधा सरळ ठेवायचा, मधला सांधा मोकळा सोडायचा, आणि हे सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस, आंघोळीलासुद्धा. मधे एकदा जरी टोक खाली पडलं तरी दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात. स्प्लिंट बदलताना बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं आणि दुसऱ्याच्या मदतीने बदलायचा. सुरुवातीचे एक-दोन दिवस आखूड कापलेल्या काडीवर निभावता येईल, पुढे डॉक्टरांनी दिलेला मापाचा स्प्लिंटच घ्यावा.

दुसरी दुखापत याच्या उलट. कबड्डीत किंवा कुस्तीत कुणाचा कपडा घट्ट धरला आणि तो हिसक्याने सुटला, की बोट वाकवणारी कंडरा हाडापासून उपटून निघते. बहुधा अनामिका. मधला सांधा वाकतो, पण टोक काही केल्या वाकत नाही. मुलं ‘वाकतंय की’ म्हणून महिनाभर काढतात. याला शस्त्रक्रिया लागते, आणि ती आठवडाभरात झाली तर बरी. उशीर झाला की कंडरा आखडून तळव्याकडे ओढली जाते आणि तिला पुन्हा जागेवर आणणं अवघड होतं.

लहान मुलांचं बोट दारात चेमटलं तर घरी स्प्लिंट लावून दोन दिवस वाट बघू नये. मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग असतो. नखाच्या मुळाशी रक्त आलंय, नख उचकटलंय आणि टोक थोडं खाली झुकलंय, अशी दुखापत साधी दिसली तरी आत उघडी मोड असू शकते. नख ओढून काढू नका. स्वच्छ गॉज ठेवा, हात उंच धरा, निघा.

मोठ्यांनीही घरगुती स्प्लिंटवर आठवडा काढू नये. दुसऱ्या दिवशी दाखवलेलं केव्हाही उत्तम. अगदी हलका मार असेल तरी दोन दिवसांनंतर सूज आणि दुखणं लक्षात येण्याइतकं उतरलं नसेल तर एक्स-रे काढाच. एक्स-रे पूर्ण पंजाचा न काढता त्या बोटाचा, समोरून आणि बाजूने असा दोन्हींकडून काढावा असं सांगा, कारण पंजाच्या चित्रात बोटं एकमेकांवर येतात आणि बारीक मोड झाकली जाते. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून, लिहून घ्या. कोणता सांधा बांधून ठेवायचा, किती दिवस, आणि हालचाल कधी सुरू करायची. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. बोटाचे सांधे, विशेषतः मधला, फार लवकर आखडतात. गरजेपेक्षा जास्त दिवस बांधलेलं बोट, मोड जुळली तरी, पुढे कित्येक महिने मिटत नाही. म्हणूनच स्प्लिंट लावलेला असतानाही बाकीची बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं.

शाळांचे क्रीडाशिक्षक आणि गल्लीतल्या संघांचे कर्णधार यांना एक विनंती. किटबॅगच्या कप्प्यात आइस्क्रीमच्या चार काड्या, गॉजचं पाकीट, थोडा कापूस, पेपर टेप आणि बोथट टोकाची छोटी कात्री ठेवा. आपल्या भागात रविवारी संध्याकाळी एक्स-रे कुठे चालू असतो ते सामन्याच्या आधीच विचारून ठेवा, आणि मैदानावर कुणालाही कुणाचं बोट ओढू देऊ नका.